अपघात की घातपात? आपल्या देशात कुपीतल्या जंतूंची राखण नेमकी कोण करतं?

अगार_मास्तर (धागाकर्ता)

बारा वर्षांपूर्वीचा मे महिना. आमच्या विभागातला उणे ८० चा डीप फ्रीझर रात्रीत बंद पडला. वीज गेलेली, जनरेटर लागला नाही, आणि सकाळी शिपाईमामांनी दार उघडलं तेव्हा खालच्या दोन कप्प्यांत पाणीच पाणी. मी त्या वेळी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचा सदस्य-सचिव होतो. वाचवण्यासारखं काय उरलंय ते बघायला बसलो, तर तळाशी थर्माकोलचा एक डबा सापडला. त्यात ५२ नळ्या, वरची शाई पुसलेली. एकीवर तेवढं वाचता आलं : 'सरांचे, जपून ठेवणे.' ते सर निवृत्त होऊन, पुढे वारूनही बरीच वर्षं झाली होती. आत काय होतं ते आजतागायत कोणाला माहीत नाही. डबाच्या डबा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घातला. १२१ अंश, १५ पौंड दाब. एरवी पंधरा मिनिटं ठेवतो, त्या दिवशी तासभर ठेवला, मनाच्या समाधानासाठी. वहीत नोंद केली, 'अनोळखी नळ्या ५२, नष्ट', आणि सही ठोकली.

रात्री झोप येईना. सापडल्या त्या ५२. मुळात ५३ होत्या का, हे सांगणारा कागदच कुठे नव्हता.

मराठीत आपण 'जैवसुरक्षा' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक, प्रयोगशाळेतल्या जंतूंपासून माणसांना जपणं. दुसरी, वाईट हेतूच्या माणसांपासून त्या जंतूंना जपणं. पहिली अपघाताची काळजी, दुसरी घातपाताची. हातमोजे, हूड, पिवळ्या पिशव्या हे पहिलीसाठी. कुलूप, मोजदाद, कोण आलं कोण गेलं याची नोंद हे दुसरीसाठी. पहिलीत आपण बऱ्यापैकी शिकलोय. दुसरी कोणाच्या ताटात वाढली आहे, याचं एका वाक्यातलं उत्तर मला नोकरी संपेपर्यंत मिळालं नाही. म्हणून हा धागा.

मला ठाऊक आहे ते आधी मांडतो. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) कायदा आला. त्याच्या पोटी ५ डिसेंबर १९८९ ला, म्हणजे भोपाळला पाच वर्षं होता होता, घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव यांचं उत्पादन, वापर, आयात, निर्यात, साठवण यांचे नियम निघाले. एवढं लांब नाव कोण घेणार, आम्ही नुसतं 'एकोणनव्वदचे नियम' म्हणायचो. त्यांत सहा समित्या आहेत. सल्ला देणारी एक. दिल्लीत जैवतंत्रज्ञान विभागात बसणारी आरसीजीएम, ही संशोधनाचे प्रस्ताव तपासते. पर्यावरण मंत्रालयातली जीईएसी, जनुक बदललेल्या पिकांना परवानगी देणारी, जिचं नाव बीटी वांग्यामुळे सगळ्यांना पाठ झालं. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्याची एक. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची एक, डीएलसी. आणि या सगळ्यांच्या तळाशी प्रत्येक संस्थेतली आयबीएससी, म्हणजे आम्ही.

आयबीएससीचा अध्यक्ष संस्थेचा प्रमुख. सदस्य त्याच संस्थेतले शास्त्रज्ञ. एक डॉक्टर, आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला बाहेरचा एक माणूस. आता सांगा, प्रमुखांचाच प्रकल्प समितीपुढे आला की काय होत असेल? नवराही तोच, भटजीही तोच. आमचे बाहेरचे सदस्य खमके होते म्हणून निभावलं. ते वर्षातून दोनदा यायचे, चहा घेण्याआधी फ्रीझर उघडून बघायचे. त्यांच्यानंतर जे आले त्यांनी फ्रीझर कुठल्या खोलीत आहे हेही कधी विचारलं नाही.

इथे प्रयोगशाळावाले, पशुवैद्य, शेतकरी, सरकारी नोकरीतले बरेच जण आहेत. आपापला अनुभव लिहा.

शीघ्रकोपी

मास्तर, ५३वी नळी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत आहे असा मला दाट संशय आहे.

साशंक_शंकर

लेख चांगला, पण सूर पटला नाही. सहा समित्या कमी पडल्या म्हणून सातवी हवी का? माझी भाची पीएचडी करते. ई. कोलाय या जंतूत एक जनुक घालायचा साधा प्रयोग, तर समितीची बैठक होईपर्यंत तीन महिने हातावर हात ठेवून बसली. आपल्याकडे एखादी गोष्ट 'सुरक्षा' म्हणून आली की तिचा फॉर्म होतो, फॉर्मची फाईल होते, आणि फाईलवर धूळ बसते. विज्ञान बिचारं बाहेर बाकावर.

अगार_मास्तर

शंकरराव, तुमच्या भाचीचं दुखणं खरं आहे आणि माझंही तेच म्हणणं आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचलीत तर प्रयोगांची वर्गवारी स्पष्ट आहे. निरुपद्रवी कामाला नुसतं कळवलं तरी भागतं, धोका वाढेल तशी परवानगी वरच्या पायरीवर जाते. पण समितीत वर्गवारी वाचलेला माणूस नसला की सगळ्यालाच ब्रेक लावतात. दोरखंडाने शेळी बांधायची आणि वाघाचा पिंजरा उघडा, अशी गत.

मेरीलँडची_माई

मास्तर, तुमच्या ५२ नळ्या वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे हेच घडलंय आणि जगभर गाजलंय. मी इथे अमेरिकेत एका विद्यापीठात जैवसुरक्षा अधिकारी आहे. १ जुलै २०१४ ला बेथेस्डाच्या एनआयएच, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आवारात एक जुनी शीतखोली रिकामी करताना पुठ्ठ्याचं खोकं निघालं. त्यात देवीच्या विषाणूच्या सहा कुप्या, १९५० च्या दशकातल्या. जगात देवीचा विषाणू अधिकृतपणे दोनच ठिकाणी असायला हवा, अटलांटा आणि सायबेरियातलं कोल्त्सोवो. हे खोकं साठ वर्षं तिसरीकडे निवांत पडून होतं. तपासलं तेव्हा सहापैकी दोन कुप्यांतला विषाणू जिवंत निघाला!

आणि ही नियमांचा डोंगर असलेल्या देशातली गोष्ट. इथे घातक जंतूंची अधिकृत यादी आहे. माणसांच्या रोगांसाठी सीडीसी, म्हणजे रोगनियंत्रण केंद्र, आणि जनावरं-पिकांसाठी शेती खातं मिळून ती चालवतात. यादीतला जंतू हाताळायचा तर माणसाची पार्श्वभूमी एफबीआय तपासते. ही यादी आली कशी तेही सांगते. १९९५ साली ओहायोतल्या एका माणसाने टपालाने प्लेगचे जंतू मागवले, आणि ते रीतसर घरी आले! तोवर कोणाला सुचलंच नव्हतं की हे असं मागवता येऊ नये. पुढे २००१ ची अँथ्रॅक्सची पाकिटं, पाच बळी. सात वर्षं तपास करून एफबीआयने बोट दाखवलं ते लष्कराच्याच फोर्ट डेट्रिकमधल्या शास्त्रज्ञाकडे. खटला उभा राहण्याआधी त्याने आत्महत्या केली. म्हणजे कुलपाची किल्ली ज्याच्या हातात, त्याच्यावरच संशय. तेव्हा मास्तर, तुमच्या 'घातपात' या शब्दाला माझं अनुमोदन, फक्त घातपाती बाहेरूनच येतो असं धरून चालू नका.

गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुसंवर्धनात होतो. माणसांच्या प्रयोगशाळांबद्दल बरंच बोलणं होतं म्हणून जनावरांची बाजू मांडतो.

फेब्रुवारी २००६, नवापूर. कोंबड्या पटापट माना टाकायला लागल्या. सुरुवातीला आम्हीही मानमोडीच म्हणत होतो. नमुने भोपाळला गेले, कारण असले नमुने उघडण्याइतकी बंदिस्त जागा पशुरोगांसाठी देशात तिथेच होती. आज तिला 'निषाद' म्हणतात, तेव्हा हाय सिक्युरिटी लॅब. १८ तारखेला निकाल जाहीर झाला, एच५एन१. भारतातला पहिलाच बर्ड फ्लू, आणि तो नंदुरबार जिल्ह्यात. माणसांचे नमुने पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले, ते सुदैवाने निगेटिव्ह आले.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. पांढरे बंद अंगरखे, गॉगल, मास्क. आत घामाची आंघोळ. लाखोंनी पक्षी मारायचे, खड्डे, चुना. पोल्ट्रीवाले ढसाढसा रडत होते. त्यातले काही जण मला नावानिशी ओळखणारे, त्यांच्या शेडमध्ये मी चहा प्यायलेला. रात्री आम्हाला टॅमीफ्लूच्या गोळ्या मोजून द्यायचे. आणि कायदा? केंद्राच्या पातळीवर जनावरांच्या साथींसाठी आपल्याकडे तेव्हा काय होतं, तर घोड्यांच्या रोगांचे १८९९ आणि १९१० चे इंग्रजी अमदानीतले कायदे. बाकी राज्याराज्यांचं आपापलं. ते जुने कायदे मोडीत काढून प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा आला २००९ साली. नवापुरानंतर तीन वर्षांनी. २०२१ साली नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला तेव्हा निदान कुठल्या कलमाखाली काय करायचं हे तरी कागदावर होतं.

सांगायचं म्हणजे, मास्तरांच्या सहा समित्यांपैकी एकीशीही माझा त्या काळात संबंध आला नाही. आमची साखळीच वेगळी : तालुका, जिल्हा, पुणे, भोपाळ, दिल्ली. प्रत्येक खात्याची आपली विहीर, आपला रहाट.

दोडामार्गचो_काजूगर

आमच्याकडे काजूच्या बागेत जाऊक लोक भियत होते ती गोष्ट सांगतंय. २०१६. त्याच्या आदल्या वर्षी पलीकडे गोव्यात सत्तरीत ताप सुरू झालेलो, मग आमच्या दोडामार्ग तालुक्यात इलो. रानात माकडां मरून पडायची, मागोमाग माणसांक ताप. माकडताप. ऐन काजूचो हंगाम, आणि बागेत गेल्याशिवाय पोट कसां भरतलां?

बाकी प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर अर्धे लोक पळतील. आम्हाला तेव्हा कळलं की गोचिडीने पसरणारा हा विषाणू १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि तो शोधला पुण्याच्याच लोकांनी. पण रक्ताचा नमुना गावातून निघून निकाल परत येईपर्यंत माणूस एकतर बरा झालेला असायचा नाहीतर गेलेला. संस्था मोठ्या आहेत हो, पण त्या लांब आहेत.

अगार_मास्तर

काजूगरांनी एनआयव्हीचा विषय काढला ते बरं झालं. १९५२ साली आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि रॉकफेलर फाउंडेशनने मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढलं, १९७८ साली त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. आज आपण तिला डोक्यावर घेतो, २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाचा विषाणू वेगळा केला तो तिथेच. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. माकडतापाच्या विषाणूवर त्या काळात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच प्रयोगशाळेत लागण झाली होती, एकदा नव्हे, अनेकदा. जंगलात न जाता माकडताप! तेव्हा आजच्यासारखी बंदिस्त व्यवस्था नव्हती, तोंडाने पिपेट ओढायचे दिवस होते. मीसुद्धा एमएस्सीला तोंडानेच ओढलंय, आता सांगायला लाज वाटते.

संस्थेच्या पुण्यातल्या पाषाणच्या आवारात सुरक्षेच्या चौथ्या, सर्वांत वरच्या पातळीची, बीएसएल-४ प्रयोगशाळा उभी राहिली ती २०१२ च्या शेवटी. देशातली माणसांच्या रोगांसाठीची पहिली. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे फट राहिली तरी हवा आतच ओढली जाणार. माणूस फुगवलेल्या सूटमध्ये, पाठीला हवेची नळी. बाहेर येताना औषधी पाण्याचा फवारा, सांडपाणीसुद्धा उकळून मारल्याशिवाय गटारात जात नाही. क्रायमियन-काँगो ताप गुजरातेत पहिल्यांदा सापडला २०११ साली, केरळात निपाह आला २०१८ साली. असले नमुने उघडायला अशीच जागा लागते. खुद्द आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही निपाहच्या प्रतिपिंडांचा माग याच संस्थेने काढला.

आणि काजूगर, 'लांब' हा मुद्दा वर पोचलाय असं दिसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला चाकांवरची बीएसएल-३ प्रयोगशाळा सुरू झाली, बसमध्ये बांधलेली. २०२३ साली निपाह आला तेव्हा ती कोझिकोडला उभी होती.

साशंक_शंकर

मग झालं की! अपघातासाठी पाषाण, भोपाळ, चाकांवरची लॅब. चांगलं चाललंय असंच दिसतं.

अगार_मास्तर

शंकरराव, भिंती चांगल्या आहेत हो. माझा प्रश्न भिंतींचा नाही, वहीचा आहे. पाषाणात एक नळी इकडची तिकडे झाली तर दहा जणांना कळेल. माझ्यासारख्या शेकडो विभागांच्या फ्रीझरांत काय आहे? एकोणनव्वदच्या नियमांच्या नावात 'घातक सूक्ष्मजीव' हे शब्द पहिले आहेत, पण गेली तीन दशकं सगळा भर जनुकीय बदलांवर राहिला. रुग्णाच्या थुंकीतून वाढवलेला साधा, निसर्गातला क्षयाचा जंतू जनुकं बदललेल्या ई. कोलायपेक्षा कितीतरी भयंकर. त्याला कोणी विचारत नाही, ई. कोलायला तीन महिने थांबवतात.

निर्यात_नाम्या

घातपाताची बाजू बघणारं एक खातं मास्तरांच्या यादीत नाही, ते म्हणजे आमचं परकीय व्यापाराचं डीजीएफटी. मी प्रयोगशाळेची यंत्रं बाहेर पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं बघतो. 'स्कोमेट' नावाची यादी असते. रसायनं, जीवजंतू, साहित्य, यंत्रं, तंत्रज्ञान, ज्यांचा दुहेरी उपयोग होऊ शकतो ते सगळं. तिच्यातला दुसरा वर्ग पूर्ण सूक्ष्मजीव आणि विषांचा. शिवाय ठरावीक क्षमतेपेक्षा मोठे फर्मेंटरसुद्धा यादीत. दही-दारू-लस सगळं ज्यात बनतं तेच भांडं दुसऱ्या कामालाही येतं ना. परवाना मागताना घेणारा कोण, शेवटी वापरणारा कोण, कशासाठी, सगळं लिहून घ्यावं लागतं.

याच्या मागे सामूहिक संहाराच्या शस्त्रांविरुद्धचा २००५ चा कायदा आहे. जैविक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारात आपण १९७४ पासून आहोत, आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात गेलो. हा गट म्हणजे रासायनिक-जैविक सामानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांचं मंडळ. गंमत बघा, अणुकरारात तपासनीस येऊन मोजतात, रासायनिक करारात तपासनीस येऊन मोजतात, जैविक करारात मोजणारं कोणीच नाही. जंतू मोजायचे तरी कसे? आज एक, उद्या सकाळी कोटी.

पण मास्तर, ही चौकी देशाच्या वेशीवरची आहे. एका गावातून दुसऱ्या गावात नळी गेली तर आमचा काही संबंध नाही.

चिमणीवाला

'कोण नमुने नेतंय आणि कशाला' ही काळजी आपल्याकडे नवी नाही. थोडा जुना इतिहास, आमच्या पक्षीवाल्यांचा.

वर माकडतापाचा उल्लेख आला. १९५७ साली तो विषाणू सापडला तेव्हा तो रशियातल्या गोचीडतापाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग शंका आली, की सायबेरियातून येणारे स्थलांतरी पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर तो घेऊन आले की काय? त्या प्रश्नासाठी मुंबईच्या बीएनएचएसने, म्हणजे सलीम अलींच्या संस्थेने, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं काम १९५९ साली हाती घेतलं. भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया त्यातून घातला गेला. पुढे त्या कामाला अमेरिकी लष्कराशी निगडित एका प्रकल्पाचा पैसा मिळाला. पक्षी कुठून कुठे जातात आणि सोबत कोणते जंतू नेतात, यात लष्कराला रस का? दिल्लीजवळ तेव्हाच डास-नियंत्रणाचा एक प्रकल्प चालू होता, नपुंसक केलेले नर सोडण्याचा, त्यातही अमेरिकी पैसा. वर्तमानपत्रांत गहजब झाला. संसदेच्या लोकलेखा समितीने दोन्हींचा समाचार घेतला आणि १९७५ साली अहवाल दिला. डासांचा प्रकल्प गुंडाळला गेला.

संशय किती खरा, किती शीतयुद्धाच्या हवेतला, यावर आजही वाद घालता येईल. पक्ष्यांच्या अभ्यासाने देशाचं नुकसान झालं असं मला तरी वाटत नाही. पण आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार आला की प्रस्ताव आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातो, आणि त्याबद्दल आपण एवढे हळवे का, याचं मूळ त्या काळात सापडतं. तरुण संशोधक वैतागतात. त्यांनी तो अहवाल एकदा चाळावा.

वऱ्हाडी_सरकी

राजेहो, इतकं वाचलं पण जिल्ह्याच्या समितीवर कोणी बोलूनच नाही राहिलं. मास्तरांनी नाव घेतलं अन् पुढं गेले. आमच्या अकोल्यात या समितीचं काम काय होतं ते सांगतो.

जून २०१९, अकोट तालुक्यातलं अकोली जहागीर. शेतकरी संघटनेनं जाहीर बोलावून, फोटो काढून, तणनाशक सहन करणारं बिगरपरवान्याचं एचटीबीटी कापसाचं बियाणं पेरलं. सविनय कायदेभंग. पाच वर्षं कैद अन् लाख रुपये दंड, असा तेव्हाचा पर्यावरण कायदा. गुन्हे दाखल झाले. पण बावा, ते बियाणं त्या दिवशी पहिल्यांदा थोडंच आलं होतं! दोन-तीन वर्षं आधीपासून पाकिटं दुकानाच्या मागच्या दारानं मिळत होती. दिल्लीहून समिती येऊन पाहून गेली होती. जिल्ह्यात कोणाच्या वावरात काय पेरलं हे पाहायचं, तपासायचं, वर कळवायचं काम कागदावर कोणाचं? डीएलसीचं. कलेक्टर, आरोग्य अधिकारी, कृषी अधिकारी, कारखाना निरीक्षक, सगळे तिच्यात आहेत. मी विसेक वर्षं कापूस पिकवतो. या समितीचा एक माणूस मी पाहिला नाही, अन् ज्यानं पाहिला असा माणूसही पाहिला नाही.

मी बियाण्याच्या बाजूचा की विरुद्ध, ते जाऊ द्या, तो वेगळा धागा होईल अन् मारामाऱ्या होतील. २००१ मध्ये गुजरातेतही असंच, परवानगीच्या आधीच हजारो एकरांवर बीटी कापूस उभा होता. २००२ च्या मार्चमध्ये जीईएसीनं मंजुरी दिली तेव्हा पीक पुढं अन् परवानगी मागं, अशी वरात होती. कापसाचं झाड उभं आठवडे, महिने दिसते. ते ज्याईले दिसत नाही, त्याईले मास्तरची नळी दिसन का?

मेरीलँडची_माई

सरकीभाऊ, शेवटचं वाक्य वाचून मी जागेवर उठून उभी राहिले.

गोठ्यातला_डॉक्टर

सरकीभाऊंच्या कायद्याच्या उल्लेखाला एक जोड. ती पाच वर्षांची कैद आता नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्याचं ते कलम बदललं. आता दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड. चांगलं की वाईट यावर मतं असतील. माझं मत असं, की न लावली जाणारी कैद असण्यापेक्षा लावला जाणारा दंड बरा. पण लावणार कोण, हा प्रश्न आहे तिथेच आहे.

साशंक_शंकर

मान्य, सरकीभाऊंनी मला अर्धा गप्प केलं. पण मग उपाय तरी काय? सगळं एका छत्राखाली आणायचं का? २०१३ साली तो प्रयत्न झालाच होता. जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत आलं, त्याच वर्षी शेतीच्या जैवसुरक्षेसाठी वेगळं प्राधिकरण काढायचंही विधेयक आलं. २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि दोन्ही गेली. मला त्याचं फार दुःख नाही. एकच दार असलं की ते दार विकत घेणंही सोपं जातं. बीटी वांगं बघा. ऑक्टोबर २००९ मध्ये समितीने हिरवा कंदील दाखवला, फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांतल्या जनसुनावण्यांनंतर स्थगिती दिली. त्याच वर्षी जीईएसीच्या नावातलं 'मंजुरी' जाऊन 'मूल्यांकन' आलं. दोन दारं होती म्हणून थांबता आलं.

अगार_मास्तर

शंकरराव, इथे मी तुमच्या बाजूने अर्धा आलो. वांग्याच्या बाबतीत दोन दारांचा उपयोग झाला की तोटा, यावर वाद आहे, पण दारं दोन होती हे खरं. माझा आग्रह एका छत्राचा नाहीच. दिल्लीत एक प्राधिकरण बसलं काय आणि सहा समित्या बसल्या काय, माझ्या फ्रीझरपर्यंत पोचायला त्यांना माझ्यासारखाच एक सदस्य-सचिव लागणार. त्याच्याकडे शिकवण्याचे आठवड्याला सोळा तास, नॅकच्या मानांकनाची फाईल, परीक्षेचं काम, आणि उरलेल्या वेळात जैवसुरक्षा. पगारी, पूर्णवेळ जैवसुरक्षा अधिकारी आपल्याकडे किती संस्थांत असेल? माईंचं पद इथे असतं तर त्या नळ्या वीस वर्षं पडून राहिल्याच नसत्या.

२०२० साली जैवतंत्रज्ञान विभागाने बीएसएल-३ प्रयोगशाळांच्या प्रमाणपत्राची पद्धत आणली, त्याआधीच्या वर्षी आयबीएससीची नोंदणी आणि अहवाल संकेतस्थळावर घेतले, हे चांगलंच झालं. नागपूरला वन हेल्थची राष्ट्रीय संस्था होते आहे, डिसेंबर २०२२ मध्ये पायाभरणी झाली. माणूस, जनावर, रान यांचे रोग एका ठिकाणी बघायचे, म्हणजे गोठ्यातल्या डॉक्टरांच्या विहिरी एकमेकींना जोडायच्या. बघू.

शीघ्रकोपी

सगळे एवढे गंभीर झालात म्हणून विनोद मागे घेतो आणि एक काम करतो. मी जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या डीएलसीबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाकतो. तीन प्रश्न. समिती कधी स्थापन झाली, सदस्य कोण, गेल्या पाच वर्षांत बैठका किती आणि त्यांची इतिवृत्तं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प माझ्याकडून.

वऱ्हाडी_सरकी

टाक रे बावा. उत्तर आलं तर माझ्याकडून हुरडा.

*(सात आठवड्यांनी)*

शीघ्रकोपी

धागा वर काढतोय. हुरडा सध्या दूर आहे.

पहिलं पत्र आठव्या दिवशी : 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(३) अन्वये हस्तांतरित करण्यात येत आहे.' गेला शेती बघणाऱ्या कार्यालयाकडे. तिथून महिन्याने तेच वाक्य, फक्त जावक क्रमांक वेगळा, गेला तिसरीकडे. कालच्या टपालाने तिसरं पत्र आलं. त्यांनी अर्ज पुन्हा पहिल्याच कार्यालयाकडे पाठवलाय.

एक मात्र झालं. पहिल्या कार्यालयात चौकशीला गेलो तर तिथल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "अशी समिती आहे का हो आपल्याकडे? अध्यक्ष कोण असतात?"

मी म्हटलं, "तुमचे साहेब."

अगार_मास्तर

अपिलाची मुदत तीस दिवस. मसुदा मी करून देतो, व्यक्तिगत निरोप पाहा.